पोस्टमनची नोकरी नाकारणारा लेखक

१८९९ सालचा जानेवारी महिना. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात राहणाऱ्या, नुकतीच तेविशी गाठलेल्या एका तरुणाला सरकारी टपाल खात्याचे बोलावणे आले. काही महिन्यांपूर्वी त्याने पोस्टमनच्या जागेसाठी परीक्षा दिली होती. तीत तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता आणि आता जागा रिकामी झाली होती. पगार दरमहा ६५ डॉलर. घरी विधवा आई, तिने सांभाळायला घेतलेला एक लहान सावत्र नातू, वाण्याची थकलेली उधारी. तरुणाची सायकल, घड्याळ आणि पावसाळी कोट गहाणवटीच्या दुकानात पडलेले. लेखक व्हायचे या ध्यासाने त्याने पाठविलेली हस्तलिखिते एकामागून एक परत येत होती, आणि जी एक कथा छापली गेली होती तिचे मोल मासिकाने पाच डॉलर ठरविले होते. अशा घटकेला आलेली ती नोकरी त्याने नाकारली. त्या तरुणाचे नाव जॅक लंडन.

पुढे हाच तरुण अमेरिकेतील सर्वांत जास्त मोबदला घेणाऱ्या लेखकांपैकी एक झाला. त्यामुळे नोकरी नाकारल्याच्या या प्रसंगाला आपोआपच दंतकथेचे तेज चढले. नोकरीला लाथ मारून कलेच्या मागे जाणारा धीरोदात्त नायक कोणाला आवडत नाही? कचेरीतून दमून परतल्यावर रात्री कथा लिहावयास बसणाऱ्या कारकुनाला किंवा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून कादंबरीचे प्रकरण पुढे ढकलणाऱ्या शिक्षकाला ही हकीकत मोहात पाडते. आपण लेखक झालो नाही याला आपली नोकरीच कारणीभूत आहे, असा एक सोयीस्कर निष्कर्षही तिच्यातून काढता येतो. परंतु जॅक लंडनचे चरित्र बारकाईने पाहिले तर त्यातून निघणारा बोध याच्या जवळजवळ उलट आहे. नोकरी नाकारल्यामुळे तो लेखक झाला नाही. नोकरी नाकारून त्याने स्वतःवर जी शिस्त लादली तिच्यामुळे तो लेखक झाला, आणि ती शिस्त कोणत्याही कचेरीच्या शिस्तीहून कडक होती.

ग्रंथालय आणि गिरणी

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. आईचे नाव फ्लोरा वेलमन. ज्याला त्याचा जन्मदाता मानले जाते त्या विल्यम चेनी नावाच्या ज्योतिषाने हे पितृत्व कधीच मान्य केले नाही. मुलाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच फ्लोराने जॉन लंडन या यादवी युद्धात भाग घेतलेल्या विधुराशी विवाह केला आणि त्याचे आडनाव मुलाला मिळाले. घर एका जागी फार काळ टिकले नाही. शेती, दुकान, भाडेकरू ठेवणे असे नाना प्रयोग झाले आणि फसले. ओकलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात मात्र या मुलाला एक आधार सापडला. तेथील ग्रंथपाल इना कूलब्रिथ या स्वतः कवयित्री होत्या. त्यांनी त्याच्या हाती एकामागून एक पुस्तके दिली आणि त्याच्या वाचनाचे कौतुक केले. त्या कौतुकाचे ऋण तो पुढे नामवंत झाल्यावरही विसरला नाही.

परंतु वाचनाची आवड पोट भरत नाही. प्राथमिक शिक्षण संपताच त्याला फळे डब्यांत भरण्याच्या कारखान्यात कामाला जावे लागले. मजुरी ताशी दहा सेंट. दिवसाचे तास मोजण्याची सोय नव्हती. या जाचातून सुटण्यासाठी त्याने तीनशे डॉलर उसने घेऊन एक लहानशी नौका विकत घेतली आणि तो खाडीत रात्री कालवांची चोरी करू लागला. हे पैसे त्याला देणारी व्हर्जिनिया प्रेंटिस ही एके काळी गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री त्याची दूधआई होती. पुढे हाच चोर खाडीतील मच्छीमारांवर देखरेख ठेवणाऱ्या गस्तीतही सामील झाला. १८९३ साली सतराव्या वर्षी तो सीलच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला.

परत आल्यावर तागाच्या गिरणीत पुन्हा तीच दहा सेंटांची मजुरी. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतील एका दैनिकाने तरुण लेखकांसाठी स्पर्धा जाहीर केली. आईने आग्रह केला म्हणून गिरणीतून थकून आलेल्या मुलाने रात्री जागून जपानच्या किनाऱ्याजवळ अनुभवलेल्या वादळाचे वर्णन लिहून काढले. त्याला २५ डॉलरांचे पहिले पारितोषिक मिळाले. मागे पडलेल्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी होते. गिरणीत अडीचशे तास राबल्यावर जेवढी रक्कम हाती पडली असती तेवढी दोन-तीन रात्रींच्या लेखनाने दिली होती. हा हिशेब त्याच्या मनात कायमचा बसला. त्याच्या पुढील आयुष्यातले पुष्कळसे बरेवाईट या एका हिशेबात आधीच सामावलेले आहे.

परत येणारी पाकिटे

त्यानंतरची काही वर्षे भटकंतीची आणि शिक्षणाची. १८९४ साली बेकारांच्या मोर्चाबरोबर तो आगगाडीतून चोरून प्रवास करीत देशाच्या पूर्व टोकाकडे गेला आणि नायगारा येथे उनाडपणाच्या आरोपावरून पकडला जाऊन तीस दिवसांचा तुरुंगवास भोगून आला. केवळ अंगमेहनतीवर जगणाऱ्याचा शेवट कोणत्या खड्ड्यात होतो हे त्याने तेथे पाहिले. परतल्यावर एकोणिसाव्या वर्षी तो आपल्याहून लहान मुलांबरोबर हायस्कुलात बसला. तेथेच झाडलोटीचे कामही केले. पुढे घोकंपट्टी करून १८९६ साली बर्कलेच्या विद्यापीठात त्याने प्रवेश मिळविला. पण एका सत्रातच पैशाअभावी विद्यापीठ सोडावे लागले.

१८९७ च्या आरंभी त्याने पहिल्यांदा लेखनाला सर्वस्वी वाहून घेतले. दिवसाचे पंधरा-पंधरा तास तो लिहीत असे. कथा, निबंध, विनोदी चुटके, कविता, निर्यमक पद्यातील नाटक, जे सुचेल ते. बहिणीच्या नवऱ्याचे टंकयंत्र रात्रीपुरते वापरायला मिळे. त्यावर फक्त मोठी अक्षरे उमटत आणि कळा इतक्या जड होत्या की बोटांची टोके सोलून निघत. लिहिलेले सारे परतीच्या तिकिटासह देशभरच्या मासिकांना रवाना होई आणि सारेच्या सारे परत येई. शेवटी घरची चणचण असह्य होऊन तो एका निवासी शाळेच्या धुलाईखान्यात दरमहा तीस डॉलरांवर कामाला लागला. जाताना त्याने पुस्तकांची पेटी बरोबर नेली होती. कपडे धुऊन, इस्त्री करून रात्री तो इतका थकलेला असे की पुस्तक उघडताच त्याला झोप लागे. शरीर पिळवटून काढणारे काम माणसाची बुद्धीही पिळून घेते, हा अनुभव त्याने पुढे फार परिणामकारक रीतीने लिहिला.

त्याच उन्हाळ्यात उत्तरेकडील क्लोंडाइक प्रदेशात सोने सापडल्याची वार्ता आली. हजारोंच्या लोंढ्यात तोही सामील झाला. बर्फाळ हिवाळा त्याने लाकडी झोपडीत काढला. ताज्या भाजीपाल्याअभावी स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. १८९८ साली तो परतला तेव्हा त्याच्याजवळ साडेचार डॉलर किमतीची सोन्याची पूड होती, असे सांगितले जाते. तो दूर असतानाच सावत्र वडील वारले होते आणि घराचा भार आता त्याच्यावर होता. खाणीतून सोने मिळाले नाही. पण झोपडीतील शेगडीभोवती ऐकलेल्या हकीकती, कुत्र्यांच्या गाड्या, थंडीत गोठून मेलेली माणसे आणि त्या प्रदेशाची निर्दय शांतता एवढे भांडवल मात्र बरोबर आले होते.

पुन्हा तेच चक्र सुरू झाले. हस्तलिखित पाठवायचे, वाट पाहायची, पाकीट परत आले की नवे तिकीट लावून दुसऱ्या मासिकाकडे धाडायचे. तिकिटांना पैसे नसले की बाड घरी पडून राही. ‘साभार परत’ या दोन शब्दांतली बोच मराठी लेखकाला समजावून सांगण्याची गरज नाही. जॅकला अशा छापील चिठ्ठ्या शेकड्यांनी आल्या. त्या त्याने फेकून दिल्या नाहीत, जपून ठेवल्या. ग्लेन एलन येथे त्याच्या शेतावर उभ्या असलेल्या संग्रहालयात त्यांपैकी काही पाहावयास मिळतात. या चिठ्ठ्यांतला सर्वांत मोठा जाच नकाराचा नसे. कारण न कळण्याचा असे. कथा लांबली, भाषा कच्ची राहिली, की संपादकाने वाचलीच नाही? पलीकडे कोणी माणूस नसून एका पाकिटातले कागद काढून दुसऱ्या पाकिटात घालणारे यंत्र असावे, अशी कल्पना त्याने पुढे आपल्या ‘मार्टिन ईडन’ या कादंबरीच्या नायकाच्या मनात घातली आहे. आज उत्तर टपालाऐवजी पडद्यावर येते, पुष्कळदा येतही नाही. पण ते यंत्र तेच आहे.

पाच डॉलर आणि चाळीस डॉलर

‘ओव्हरलँड मंथली’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या मासिकाने त्याची उत्तरेकडील जीवनावरची एक कथा स्वीकारली आणि ती जानेवारी १८९९ च्या अंकात छापली. नियतकालिके हजार शब्दांना किमान दहा डॉलर देतात असे त्याने कुठेतरी वाचले होते. त्या हिशेबाने मनोराज्ये रचून झाली होती. प्रत्यक्षात देऊ केले गेले ते अवघ्या कथेचे पाच डॉलर, आणि तेही वसूल करताना त्याला मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. पहिले यश हेच पहिले मोठे नैराश्य ठरले. कथा छापली जात नाही तोवर आशा असते. छापली जाऊन तिचे मोल पाच डॉलर ठरले की आशेलाही दर लागतो.

त्याच सुमारास बोस्टनच्या ‘ब्लॅक कॅट’ या मासिकाच्या संपादकाचे पत्र आले. कथा आहे त्याहून निम्मी करण्याची मोकळीक दिल्यास चाळीस डॉलर पाठवू, असा त्याचा आशय होता. हे मासिक लांबीवर नव्हे तर कथेच्या ताकदीवर मोबदला देत असे. जॅकने तत्काळ होकार कळविला. त्या चाळीस डॉलरांनी आपल्याला लेखनात टिकविले अशी कृतज्ञता त्याने नंतर उघडपणे व्यक्त केली. पैशाइतकीच मोलाची एक गोष्ट त्या पत्रात होती: त्याची कथा कोणीतरी खरोखरच वाचली होती आणि तिचा दोष नेमका सांगितला होता. कथा निम्मी होऊ शकते, म्हणजे निम्मी अनावश्यक होती, हा धडा शंभर छापील चिठ्ठ्यांनी दिला नव्हता.

टपाल खात्याचे बोलावणे आले ते या वातावरणात. आपली पाळी पुढच्या खेपेपर्यंत राखून ठेवता येईल का, अशी विचारणा त्याने केली होती असे चरित्रकार सांगतात. तसे जमले नाही. निर्णयाच्या वेळी आईने त्याची बाजू घेतली. नोकरीचा सर्वांत मोठा लाभ जिला व्हायचा, त्या फ्लोराने मुलाला लेखनच चालू ठेवावयास सांगितले. फ्लोरा ही हट्टी, तापट आणि मुलाला फारसे मायेने न वागविणारी स्त्री होती असे तिचे चित्र रंगविले जाते. ते खरे असेलही. परंतु या एका क्षणी तिने दाखविलेली हिंमत मुलाच्या हिमतीहून कमी नव्हती. धीरोदात्त नायकांच्या कथांत उपाशी राहणाऱ्या घराचे नाव सहसा येत नाही. येथे ते आलेच पाहिजे.

हिशेबाची वही

आता प्रश्न असा की, नोकरी नाकारून त्याने केले काय? प्रतिभेच्या संचाराची वाट पाहत तो समुद्रकिनाऱ्यावर फिरत बसला नाही. त्याने एक वही घातली. कोणती कथा कोणत्या मासिकाकडे केव्हा पाठविली, तिकिटे किती लागली, ती केव्हा परत आली, पुढे कोठे गेली, विकली गेल्यास किती मिळाले, या सर्वांची नोंद तीत असे. कथा लिहून झाली की पुढची धरायची. परत आलेली कथा घरात मुक्कामाला ठेवायची नाही. दररोज हजार शब्द लिहावयाचे आणि एखादे दिवशी खाडा पडला तर तो भरून काढावयाचा, हा नियम त्याने जवळजवळ अखेरपर्यंत पाळला. तुफानात हेलकावणाऱ्या बोटीतही तो हजार शब्दांचे देणे चुकते करीत असे.

हीच पद्धत त्याने कलेच्या अभ्यासालाही लावली. किपलिंगच्या कथा हाताने उतरवून काढीत त्याने वाक्याची ठेवण समजून घेतली. मासिकांत छापून आलेल्या कथा समोर ठेवून त्यांचा आरंभ कसा होतो, घटना कोठे वळते, लेखक काय गाळतो, याची तो चिकित्सा करी. नवे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून दाढी करताना दिसतील असे तो आरशाला अडकवीत असे. आरंभीच्या त्याच्या लेखनात तत्त्वज्ञान फार आणि माणसे कमी होती. हळूहळू त्याला उमगले की विचार पात्राच्या कृतीतून कळला पाहिजे. लेखकाने मध्ये उभे राहून तो सांगू नये. हे आज कोणत्याही लेखनशिबिरात ऐकावयास मिळते. त्याला ते कोणी सांगितले नव्हते. तिकिटांचा खर्च सोसून त्याने ते विकत घेतले होते.

या वहीचे फळ लवकरच दिसले. ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकाने त्याची एक दीर्घ कथा १२० डॉलर देऊन घेतली आणि ती जानेवारी १९०० च्या अंकात आली. एप्रिल १९०० मध्ये ‘द सन ऑफ द वुल्फ’ हा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला. १९०३ साली ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ने त्याचे नाव जगभर नेले. एका कुत्र्याची छोटी कथा म्हणून आरंभलेले हे लेखन हातात वाढत गेले. त्याचे पुस्तकाचे हक्क त्याने दोन हजार डॉलरांना एकरकमी विकून टाकले होते. लक्षावधी प्रती खपल्या तरी त्यातून त्याला पुढे काही मिळावयाचे नव्हते.

त्याच १९०३ साली नवोदित लेखकांसाठी लिहिलेल्या एका लेखात त्याने जो सल्ला दिला तो लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याच्यावर कोणी अवलंबून आहे त्याने लिहिण्यासाठी नोकरी सोडू नये, असे त्याने स्पष्ट बजावले. दोन जिवांचा भार अंगावर असताना नोकरी नाकारणाऱ्याने हे सांगावे यात विसंगती दिसेल. पण ती विसंगती नव्हे, अनुभव आहे. आपण तरलो ते वेळेवर आलेल्या एका पत्रामुळे, हे तो जाणून होता. आणि ज्यांना ते पत्र आले नाही त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे. त्याच लेखात त्याने रोजचा ठरावीक वाटा लिहिण्याचा आणि टिपणवही बाळगण्याचा आग्रह धरला होता. स्फूर्तीची वाट पाहत बसू नका, तिचा पाठलाग करा, असेही तो सांगतो.

यशाचे ओझे

या चरित्राचा उत्तरार्ध मात्र सुखाचा नाही. शेकडो एकरांचे शेत, स्वतःच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली बोट, आप्तेष्टांचे पोषण आणि न संपणारे आतिथ्य यांसाठी हजार शब्दांची चक्की रोज फिरतच राहिली. लेखन म्हणजे आपला धंदा, आपण पैशासाठी लिहितो, असे तो उघड सांगू लागला. कथानके सुचेनाशी झाली तेव्हा त्याने ती विकत घेतली. १९१० च्या सुमारास त्याला कथानके विकणारा धडपड्या तरुण सिंक्लेअर लुईस हा होता, ज्याला पुढे १९३० साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका उमेदवाराच्या कल्पना दुसऱ्या जुन्या उमेदवाराने घ्याव्यात, हा दैवाचा विचित्र व्यवहार म्हटला पाहिजे. समाजवादाचा कैवार घेणाऱ्या या लेखकाच्या लिखाणात गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाची हीण कल्पनाही वावरते. तिचे समर्थन करता येत नाही. मद्याने आणि मूत्रपिंडाच्या विकाराने शरीर खंगले होते. १९१३ साली नवा दगडी वाडा राहावयास जाण्यापूर्वीच जळून गेला. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, चाळिसाव्या वर्षी, सुमारे पन्नास पुस्तके मागे ठेवून तो मरण पावला.

१९०९ साली प्रसिद्ध झालेली ‘मार्टिन ईडन’ ही त्याची कादंबरी या सगळ्याचे मर्म सांगते. तिचा नायक खलाशी आहे. तो उपाशी राहून लिहायला शिकतो, त्याची हस्तलिखिते सर्वत्र नाकारली जातात आणि कीर्ती मिळताच तीच हस्तलिखिते तीच मासिके हात पसरून मागतात. कागद तेच, अक्षरे तीच. मग बदलले काय? हा प्रश्न मार्टिनला कुरतडू लागतो आणि जगण्याची इच्छाच संपून तो समुद्रात जीव देतो. नकार पचविण्याची तयारी जॅकने स्वतःकडून करवून घेतली होती. स्वीकार पचविण्याची तयारी करवून घेणारी वही मात्र त्याच्यापाशी नव्हती.

म्हणून जॅक लंडनपासून घ्यावयाचे असेल तर पोस्टमनची नोकरी नाकारण्याचे धाडस घेऊ नये. ते प्रत्येकाच्या घरची स्थिती आणि प्रत्येकाचे नशीब ठरवील. घ्यावी ती त्याची वही. परत आलेले पाकीट म्हणजे निकालपत्र नसते, ती फक्त एक नोंद असते, आणि नोंद झाली की पुढचे तिकीट लावावयाचे असते, ही समज घ्यावी. हजार शब्द ज्याला जमत नाहीत त्याने दोनशे लिहावेत. दिवसभर दुसऱ्यांच्या फायली आणि दुसऱ्यांचे हिशेब नेटकेपणाने सांभाळणाऱ्या माणसाला ही शिस्त परकी नाही. पोस्टमनचा गणवेश जॅकने अंगावर चढविला नाही हे खरे; पण ऊन असो, पाऊस असो, ठरलेली फेरी चुकवायची नाही हा पोस्टमनचा धर्म मात्र त्याने जन्मभर पाळला.